ऑस्करचे अंदाज आणि मंचावरची राजकीय भाषणे

अमेरिकेतील ‘अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस’ ही संस्था दरवर्षी देत असलेले चित्रपट-पुरस्कार ऑस्कर या नावाने जगभर ओळखले जातात. त्यांच्याभोवती दोन सवयी घट्ट रुजल्या आहेत. पुरस्कार कुणाला मिळणार याचे ठोकताळे काही महिने आधीपासून मांडले जातात. आणि पुरस्कार घेताना कुणी राजकारणावर बोलले, की ते योग्य होते का यावर कित्येक दिवस वाद रंगतो. पहिली सवय लिफाफा उघडण्याआधीची, दुसरी उघडल्यानंतरची. दोहोंचा एकमेकींशी काही संबंध नाही असे समजले जाते, पण ऑस्करच्या काही रात्री जवळून पाहिल्या तर त्या एकाच मांडवाखाली नांदताना दिसतात.

बंद लिफाफा

पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेलात झाला. अंदाजाला तिथे वावच नव्हता. विजेते तीन महिने आधीच जाहीर झाले होते आणि वाटप पंधराएक मिनिटांत उरकले. पुढच्या वर्षापासून निकाल गुपित ठेवला जाऊ लागला, मात्र रात्री अकराच्या आत छापायचा नाही या बोलीवर वृत्तपत्रांना तो आधी कळवला जाई. २९ फेब्रुवारी १९४० च्या समारंभाला ही बोली मोडली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने संध्याकाळच्या आवृत्तीतच नावे छापून टाकली आणि पाहुणे निकाल वाचून अँबॅसडर हॉटेलच्या दालनात शिरले. १९४१ पासून मोहोरबंद लिफाफा आला तो यामुळे. आज ज्या उत्कंठेवर अंदाजांचा सारा डोलारा उभा आहे, ती एका वृत्तपत्राच्या घाईतून जन्मली.

त्याच रात्री ‘गॉन विथ द विंड’मधल्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएल यांना साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव असल्याने त्यांना आत येऊ देण्यासाठी खास परवानगी काढावी लागली, आणि चित्रपटातले बाकीचे कलाकार पुढे एकत्र बसलेले असताना त्यांच्यासाठी मागे भिंतीलगत एक छोटे टेबल मांडण्यात आले. त्यांनी केलेले भाषण नम्र होते. आपण आपल्या समाजाला आणि चित्रपटव्यवसायाला भूषण ठरावे, एवढीच इच्छा त्यांनी बोलून दाखवली. मंचावर राजकारण आणू नये म्हणणाऱ्यांनी ते टेबल आठवावे. राजकारण भाषणात नव्हते; ते बसण्याच्या जागेत होते.

मतांचे गणित

अंदाज बांधता येतो, कारण ऑस्कर ही शेवटी एक निवडणूक आहे. अकॅडमीचे दहा हजारांहून अधिक सदस्य मतदार आहेत. नामांकनाच्या फेरीत बहुतेक विभागांत ज्याने-त्याने आपापल्या शाखेत मत द्यायचे: नटांनी नटांना, संकलकांनी संकलकांना. शेवटच्या फेरीत मात्र सर्वांना सर्व विभागांत मत देता येते. बहुतेक विभागांत सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे तसे नाही. २०१० च्या समारंभापासून या विभागातली नामांकने पाचावरून दहावर नेण्यात आली आणि मतदान पसंतीक्रमाने होऊ लागले. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मतदान केले आहे त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको. पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मते मिळालेला चित्रपट बाद करायचा, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती उरलेल्यांना वाटून द्यायची, आणि कुणालातरी निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत हे चालू ठेवायचे. अशा मोजणीत काहींचा अतिशय लाडका पण इतरांच्या डोळ्यांत सलणारा चित्रपट मागे पडू शकतो, आणि बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला पुढे सरकतो.

मुरलेले अंदाजकर्ते त्यामुळे चित्रपट किती चांगला आहे यापेक्षा मतदार कोण आहेत हे आधी पाहतात. दिग्दर्शक, निर्माते, अभिनेते यांच्या व्यावसायिक संघटना ऑस्करच्या आधी आपापले पुरस्कार देतात. या संघटनांचे अनेक सदस्य अकॅडमीचेही मतदार असतात, म्हणून त्यांचे निकाल शितावरून भाताची परीक्षा म्हणून उपयोगी पडतात. ‘गोल्डन ग्लोब’ या दुसऱ्या पुरस्काराचा गाजावाजा मोठा, पण तिथले मतदार पत्रकार असल्याने त्याचे वजन वेगळ्या कारणाने असते. त्याकडे पुढे येऊ. दिग्दर्शक संघटनेचा विजेता आणि ऑस्करचा दिग्दर्शक वेगळे निघाल्याचे प्रसंग मोजकेच. २०१३ मध्ये संघटनेने बेन ॲफ्लेक यांना निवडले, पण अकॅडमीच्या दिग्दर्शक शाखेने त्यांना नामांकनच दिले नव्हते. ऑस्कर अँग ली यांच्याकडे गेले, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र ॲफ्लेक यांचा ‘आर्गो’च ठरला.

या शास्त्राची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसली ती २२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री. काही महिन्यांपूर्वीच अध्यक्षीय निवडणुकीत पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांचे निकाल अचूक सांगितलेल्या नेट सिल्व्हर यांनी त्या वर्षी ऑस्करच्या सहा प्रमुख विभागांचे भाकीत संख्याशास्त्राने केले. त्यांतली चार बरोबर आली. अभिनेत्याच्या विभागात त्यांचे माप मिकी रूर्क यांच्या पदरात पडले होते. जिंकले शॉन पेन, समलिंगी हक्कांचे नेते हार्वी मिल्क यांच्या भूमिकेसाठी. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी आणणारा कौल जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वी लागला होता. पेन यांनी मंचावरून त्या कौलाच्या बाजूने मत देणाऱ्यांना लाज वाटायला हवी असे सुनावले आणि सर्वांना समान हक्क मिळाले पाहिजेत असे ठणकावले. अंदाज चुकला तिथेच भाषण उगवले. मतदारांच्या मनात त्या कौलाची खंत कितपत होती हे कोणत्याही आकड्यात पकडता आले नसते. मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेर’ने आठ पुरस्कार घेतले ती रात्रही हीच, भारतात ती सोमवारची सकाळ होती आणि ए. आर. रहमान यांनी तिथे सांगितलेली द्वेष आणि प्रेम यांतल्या निवडीची गोष्ट घरोघरी कामाच्या गडबडीत ऐकली गेली.

भाषण अंदाजात आणखी एका वाटेने शिरते. गोल्डन ग्लोबच्या वेळी ऑस्करचे मतदान पूर्ण झालेले नसते, त्यामुळे तिथले एखादे मनापासूनचे भाषण ही मतदारांपुढची जाहीर तोंडओळख ठरते. २०२५ मध्ये डेमी मूर यांनी तिथे केलेल्या भाषणानंतर अभिनेत्रीच्या विभागात त्यांचेच नाव सर्वांत पुढे गेले; ऑस्कर मात्र ‘अनोरा’च्या मायकी मॅडिसन यांना मिळाले. त्याच वर्षी तेरा नामांकने असलेल्या ‘एमिलिया पेरेझ’च्या नायिका कार्ला सोफिया गॅस्कॉन यांचे मुस्लिमांविषयीचे जुने समाजमाध्यमी मजकूर उघड झाले आणि अंदाजकर्त्यांना आपले तक्ते नव्याने मांडावे लागले. चित्रपटाच्या हाती शेवटी दोनच पुरस्कार लागले.

पंचेचाळीस सेकंद

विजेत्याला बोलायला साधारण पंचेचाळीस सेकंद मिळतात. मग वाद्यवृंद सुरू होतो. या एवढ्याशा वेळेत आभार मानायचे की आणखी काही बोलायचे, हा वाद २७ मार्च १९७३ च्या रात्रीने कायमचा रुजवला. ‘द गॉडफादर’साठी मार्लन ब्रँडो यांचे नाव पुकारले गेले आणि मंचावर आली हरणाच्या कातड्याचा पोशाख घातलेली सव्वीस वर्षांची सशीन लिटलफेदर. रॉजर मूर यांनी पुतळा पुढे केला, तेव्हा तिने तळहात उभा करून तो नाकारला. ब्रँडोंचे लांबलचक निवेदन तिच्या हातात होते, पण निर्मात्याने आधीच बजावले होते की साठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ मिळणार नाही. तेव्हा तिने शांतपणे दोन कारणे सांगितली: चित्रपट-दूरचित्रवाणीत मूळ अमेरिकी लोकांचे होणारे चित्रण, आणि दक्षिण डकोटातल्या वूंडेड नी या गावी मूळ अमेरिकी आंदोलकांचा त्या क्षणी चाललेला संघर्ष. सभागृहातून टाळ्याही आल्या आणि हुर्येही. पूर्ण निवेदन तिने नंतर पत्रकारांना वाचून दाखवले. अकॅडमीने तिची माफी मागितली ती २०२२ मध्ये, म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी, आणि त्याच ऑक्टोबरात ती वारली. तिच्या मृत्यूनंतर बहिणींनी तिच्या मूळ अमेरिकी वंशाच्या दाव्यावरच प्रश्न उभा केला, आणि तो वादही गंभीरपणे घ्यायला हवा. मात्र पडद्यावरच्या चित्रणाबद्दल तिने जे सांगितले ते त्यामुळे खोटे ठरत नाही.

१९७८ मध्ये अभिनेत्री व्हनेसा रेडग्रेव्ह यांनी, पॅलेस्टिनींवरच्या माहितीपटामुळे आपल्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांना ‘झायनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) गुंड’ म्हटले, तेव्हा त्याच समारंभात थोड्या वेळाने पटकथाकार पॅडी चायेफ्स्की यांनी मंचावरून त्यांना सुनावले की साधे ‘आभारी आहे’ पुरेसे झाले असते. ‘कलावंताने आपले काम करावे’ या बाजूचे आजवरचे सर्वांत नेमके वाक्य हेच. त्याच भाषणात रेडग्रेव्ह यांनी ज्यूद्वेषाविरुद्ध लढत राहण्याची ग्वाही दिली होती, ती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. १९९३ मध्ये रिचर्ड गिअर तिबेटवर बोलले आणि काही काळ त्या मंचावर त्यांना बोलावणे आले नाही. २३ मार्च २००३ रोजी, इराकवरचा हल्ला सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झालेले असताना, माहितीपटकार मायकेल मूर यांनी अध्यक्ष बुश यांना ‘लाज वाटू द्या’ असे सुनावले. खोट्या कारणांसाठी युद्ध चालले आहे हे त्यांचे म्हणणे सभागृहातल्या अनेकांनी हुर्यो करून बुडवले. ज्या संहारक अस्त्रांचे कारण दिले गेले होते ती पुढे सापडली नाहीत.

वादाचे खरे इंधन अनेकदा अर्धवट ऐकलेले वाक्य असते. २०२४ मध्ये ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’चे दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर यांनी कागदावरून वाचून दाखवले, की आपले ज्यू असणे आणि होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, यांना दुसऱ्यांची भूमी व्यापून ठेवण्यासाठी वेठीला धरले जात आहे आणि हे आपण नाकारतो. वाक्य लांब होते. अनेकांनी ते मधेच तोडून पसरवले आणि ग्लेझर यांनी आपले ज्यूपणच नाकारले असा अर्थ निघाला. चित्रपटव्यवसायातल्या हजारावर ज्यूंनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. पुढे त्यांच्या समर्थनाचेही पत्र निघाले. मूळ वाक्य शेवटपर्यंत ऐकून मग वाद घातला गेला असता तर मतभेद उरलेच असते, पण ते त्यांनी म्हटलेल्या गोष्टीवर झाले असते.

बोलणे टाळूनही बोलता येते. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी इराणी दिग्दर्शक असगर फरहादी, आपल्या देशासह सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत येण्यास बंदी घालणाऱ्या आदेशाच्या निषेधार्थ, समारंभाला आलेच नाहीत; त्यांचे निवेदन अंतराळप्रवास केलेल्या अनुशेह अन्सारी यांनी वाचले. त्याच रात्री शेवटी सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करताना वॉरन बेटी यांच्या हाती चुकीचा लाल लिफाफा पडला. कार्ड पाहून ते थबकले, लिफाफ्यात पुन्हा डोकावले, आणि फे डनवे यांनी ‘ला ला लँड’ वाचून टाकले. आभाराची भाषणे सुरू झाल्यावर निर्माते जॉर्डन हॉरोविट्झ यांनीच खरे कार्ड हातात घेऊन कॅमेऱ्यापुढे धरले: ‘मूनलाइट’. निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या संघटनांनी ‘ला ला लँड’ला निवडले होते, त्यामुळे जवळपास सगळ्यांचा अंदाज त्यावरच होता. आपल्या विजयाचे भाषण अर्ध्यावर सोडून दुसऱ्याला पुढे बोलावणाऱ्या हॉरोविट्झ यांचा तो क्षण या मंचावरचा सर्वांत सुसंस्कृत क्षण मानायला हरकत नाही.

मराठी संदर्भ

ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये पुरस्कार घेताना त्यांनी दोन-तीन वाक्यांतच भाषण आटोपले आणि जगाचे लक्ष भारताकडे वळवल्याबद्दल रिचर्ड ॲटनबरो यांचे आभार मानले. पुढे २०१२ मध्ये जतनाच्या काळजीपोटी त्यांनी पुतळा अकॅडमीला परत दिला. ‘श्वास’ २००४ मध्ये भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला, तेव्हा अमेरिकेतल्या प्रचाराचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा होता आणि त्यासाठी लोकवर्गणी जमवण्यात आली. नामांकन हुकले. पण मतदारांपर्यंत चित्रपट पोहोचवायलाच किती पैसा लागतो, हे महाराष्ट्राला त्या निमित्ताने कळले. अंदाजांच्या तक्त्यांत हा खर्च कुठेच दिसत नाही. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हेही पुढे भारताच्या वतीने गेले.

मंचावरच्या भाषणाचा वाद मराठी माणसाला परका नाही. १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी स्वागताध्यक्ष आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण समोर असताना लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. साहित्याच्या मांडवात राजकारण कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

अलीकडचे बदल

एप्रिल २०२५ मध्ये अकॅडमीने नियम केला, की एखाद्या विभागातले सर्व नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात शेवटचे मत देता येणार नाही. इतकी वर्षे हा नियम नव्हता, ही गोष्ट अंदाजकर्त्यांना पक्की ठाऊक होती.

त्याच्या सुमारे दीड महिना आधी ‘नो अदर लँड’ला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. पॅलेस्टिनी बासेल आद्रा आणि इस्रायली युवाल अब्राहम यांनी एकत्र उभे राहून भाषण केले. नुकतेच बाप झालेले आद्रा म्हणाले, की आपल्या वाट्याला आलेले जगणे मुलीच्या वाट्याला येऊ नये. तीन आठवड्यांत त्यांचे सहदिग्दर्शक हमदान बल्लाल यांच्यावर वेस्ट बँकमधल्या त्यांच्या गावी हल्ला झाला आणि त्यांना ताब्यात घेण्यात आले. अकॅडमीच्या पहिल्या निवेदनात त्यांचे नाव नव्हते. शेकडो सदस्यांनी पत्र लिहून त्याचा निषेध केला, तेव्हा अकॅडमीने माफी मागितली आणि नाव घेतले. त्या पत्राखाली सह्या करणारे लोक तेच होते, ज्यांच्या मतांचा हिशेब अंदाजकर्ते दर हिवाळ्यात मांडत असतात.