जीवशास्त्र ऑलिम्पियाडची तयारी : जाडजूड ग्रंथामागचा इतिहास

जीवशास्त्र ऑलिम्पियाडची तयारी करणारा शाळकरी विद्यार्थी आज कोणत्याही देशातला असला, तरी त्याच्या टेबलावर बाराशेहून अधिक पानांचा एक विद्यापीठीय ग्रंथ, जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणि आकृत्यांनी भरलेल्या वह्या हमखास दिसतात. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला लावले जाणारे पुस्तक सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने का वाचावे, हा प्रश्न पालकांना आणि कधीकधी शिक्षकांनाही पडतो. शाळेच्या अभ्यासक्रमात त्याचे उत्तर सापडत नाही. ते शोधण्यासाठी ही स्पर्धा कोठून आली, तिने कोणत्या अडचणी पार केल्या आणि त्या काळात खुद्द जीवशास्त्र किती बदलले, हे पाहावे लागते.

शालेय विषयांच्या स्पर्धांची परंपरा गणितापासून सुरू होते. हंगेरीत १८९४ साली शालान्त विद्यार्थ्यांसाठी गणिताची स्पर्धा सुरू झाली, आणि ‘ऑलिम्पियाड’ या नावाने अशा स्पर्धा १९३४ मध्ये लेनिनग्राडला व १९३५ मध्ये मॉस्कोला भरू लागल्या. पहिली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ साली रुमानियात, भौतिकशास्त्राची १९६७ साली वॉर्सात आणि रसायनशास्त्राची १९६८ साली प्रागमध्ये झाली. जीवशास्त्राला मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले.

हा विलंब अपघाताने झाला नव्हता. गणिताला कागद-पेन्सिल पुरते, आणि रसायनशास्त्रातले अभिकारक कोणत्याही देशात तेच असतात. जीवशास्त्राचा विद्यार्थी मात्र आपल्या अवतीभवतीच्या वनस्पती आणि प्राण्यांवर शिकतो, आणि ते प्रत्येक प्रदेशात वेगळे असतात. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात वाढलेल्या मुलाला आणि विषुववृत्तावरच्या मुलाला एकच झाड ओळखायला सांगणे अन्यायाचे ठरते. शिवाय या विषयात नियमांइतकेच अपवादही असतात. ‘सस्तन प्राणी अंडी घालत नाहीत’ हे विधान बरोबर म्हणावे, तर प्लॅटिपस आडवा येतो. वेगवेगळ्या परंपरांत शिकलेल्या परीक्षकांचे एका उत्तरावर एकमत होणे गणिताच्या मानाने कितीतरी कठीण असते, आणि त्या मतभेदांची छाया पुढे प्रश्नांच्या स्वरूपावर आणि म्हणून तयारीवरही पडलेली दिसते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा उशिरा आली, तरी तिची मुळे बरीच जुनी आहेत. मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयात १९२४ साली प्योत्र मान्तेइफेल यांनी शाळकरी मुलांसाठी तरुण जीवशास्त्रज्ञांचे एक मंडळ सुरू केले. तिथे मुले प्राण्यांची निरीक्षणे करीत, नोंदी ठेवीत आणि संशोधकांबरोबर काम करीत. अशा मंडळांतूनच निसर्गाची गोडी असलेल्या विद्यार्थ्यांचा एक वर्ग तयार झाला, आणि १९५० साली मॉस्को विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाने शालेय विद्यार्थ्यांसाठी ऑलिम्पियाड घेण्यास सुरुवात केली. या सालाकडे जरा थांबून पाहायला हवे. त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑगस्ट १९४८ मध्ये, कृषिशास्त्रज्ञ त्रोफिम लिसेंको यांच्या पुढाकाराने सोव्हिएत कृषी अकादमीच्या अधिवेशनात मेंडेलची आनुवंशिकी अधिकृतपणे त्याज्य ठरवली गेली होती, आणि ही बंदी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कमी-अधिक प्रमाणात टिकली. आज ज्या आनुवंशिकीवर विद्यार्थी महिनोनमहिने घालवतात, ती ज्या देशात शिकवणेही धोक्याचे होते त्या देशात या स्पर्धेचा पाया घातला गेला. अशा वातावरणात भर वनस्पती ओळखणे, प्राण्यांची शरीररचना आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांवरच राहणार हे उघड होते. राजकारणाने लादलेली ही मर्यादा प्रयोग आणि निरीक्षणाच्या परंपरेला मात्र पोषकच ठरली असावी, असे मला वाटते.

१९६० आणि १९७० च्या दशकांत चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंड या देशांनीही आपापल्या राष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिम्पियाड सुरू केल्या. १९८५ पासून या दोन शेजाऱ्यांच्या संघांमध्ये दरवर्षी मैत्रीपूर्ण सामना होऊ लागला, आणि परस्परांच्या अभ्यासक्रमांतले व जीवसृष्टीतले फरक सांभाळून एकच परीक्षा घेता येते हे त्यातून सिद्ध झाले. १९८९ मध्ये प्रागमध्ये पायाभरणीची चर्चा झाली आणि जुलै १९९० मध्ये चेकोस्लोव्हाकियातील ओलोमोउत्स येथे पहिली आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिम्पियाड भरली. योगायोग असा, की याच शहरात तरुण ग्रेगोर मेंडेल यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी शिक्षण घेतले होते. पहिल्या वर्षी बेल्जियम, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी, पोलंड आणि सोव्हिएत संघ असे सहाच देश होते. १९९३ उजाडेपर्यंत या सहांपैकी पूर्व जर्मनी, सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकिया ही तीन नावे नकाशावरून पुसली गेली होती, पण स्पर्धा टिकली. दुसरी ऑलिम्पियाड सोव्हिएत संघातल्या मखाचकला येथे आणि चौथी नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे झाली. पुढे ती आशियात पोहोचली, आणि आता सत्तरहून अधिक देश तिच्यात भाग घेतात.

स्पर्धेचा सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. प्रत्येक देशाचे चार विद्यार्थी, एक सैद्धांतिक भाग आणि एक प्रात्यक्षिक भाग, आणि दोन्हींना जवळपास सारखेच वजन. यजमान देश प्रश्न तयार करतो, सर्व देशांचे प्रतिनिधी परीक्षकमंडळात बसून त्यांवर वाद घालतात, आणि मग प्रत्येक संघाचे मार्गदर्शक ते प्रश्न आपल्या भाषेत उतरवतात; या कामात बहुतेक वेळा रात्र संपते. प्रश्न बाहेर फुटू नयेत म्हणून त्या दिवसांत विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांचा संपर्क तोडलेला असतो. डझनावारी भाषांत लिहिलेली दीर्घ उत्तरे तपासणे अशक्य असल्याने पर्यायी उत्तरांचे प्रश्न इथे सोयीपेक्षा निकडीतून आले. या एका व्यावहारिक निर्णयाने तयारीची दिशा बरीचशी ठरवून टाकली. निबंध लिहिण्याचा सराव मागे पडला आणि मोठ्या आवाक्यातली माहिती अचूकपणे ओळखण्याचा सराव पुढे आला.

दुसरा निर्णय अभ्यासक्रमाच्या वाटणीचा. सैद्धांतिक भागासाठी दीर्घकाळ जी वाटणी सर्वत्र प्रमाण मानली गेली, तिच्यात प्राण्यांची रचना व शरीरक्रिया यांना २५ टक्के, पेशीजीवशास्त्राला २० टक्के, आनुवंशिकी व उत्क्रांतीला २० टक्के, वनस्पतींची रचना व शरीरक्रिया यांना १५ टक्के, परिस्थितिकीला १० टक्के, आणि प्राणिवर्तनशास्त्र व वर्गीकरणशास्त्र यांना प्रत्येकी ५ टक्के जागा आहे. हे आकडे प्रश्नपत्रिका एकांगी होऊ नये म्हणून ठरवले गेले, पण तयारी करणाऱ्यांनी त्यांचा वेगळाच हिशेब मांडला. वर्गीकरणाला पाचच टक्के आहेत, म्हणून ते शेवटच्या आठवड्यात उरकायचे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. प्राण्यांच्या शरीरक्रियेवरचा प्रश्न बहुधा दोन-तीन प्राणिसंघांच्या, म्हणजे वर्गीकरणातल्या मोठ्या प्राणिगटांच्या, तुलनेतून विचारलेला असतो, आणि कोणता प्राणी कोणाचा जवळचा नातेवाईक हे ठाऊक नसेल तर ती तुलना जमत नाही.

ग्रंथाची कथा इथून सुरू होते. नील कॅम्पबेल यांच्या ‘बायॉलॉजी’ या अमेरिकी पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती १९८७ साली, म्हणजे ऑलिम्पियाडच्या तीन वर्षे आधी निघाली. रेणूंपासून परिसंस्थांपर्यंत सगळे एकाच पुस्तकात, एकाच शैलीत आणि भरपूर आकृत्यांसह मांडणारे पुस्तक अनेक देशांतल्या मार्गदर्शकांना हवेच होते, कारण त्यांच्या शालेय पुस्तकांत एक तर वनस्पती-प्राण्यांचे जुने वर्णन असे किंवा पेशीच्या आतले काहीच नसे. कॅम्पबेल २००४ साली वारले, पण इतर लेखकांनी आवृत्त्या चालू ठेवल्या. अलीकडच्या आवृत्त्यांत ५६ प्रकरणे आहेत. ऑलिम्पियाडसाठी हे पुस्तक कोणी लिहिले नव्हते, तरी वेगवेगळ्या अभ्यासक्रमांतून आलेल्या मुलांना निदान एक समान शब्दसंपदा त्याने दिली.

त्याच काळात विषयही वेगाने पालटत होता. १९९० हेच वर्ष घेतले, तर त्याच वर्षी कार्ल वूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व सजीवांची जिवाणू, आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळे सूक्ष्मजीव) आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेले सजीव) अशा तीन अधिक्षेत्रांत विभागणी सुचवली आणि मानवी जनुकसंच प्रकल्प औपचारिकपणे सुरू झाला. फुलझाडांचे वर्गीकरण डीएनएच्या आधारे नव्याने मांडण्याचा मोठा प्रयत्न १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतरच्या सुधारणांत लिली कुळाचे तुकडे पडले. पिढ्यान्पिढ्या लिली कुळात शिकवला गेलेला कांदा आता अमॅरिलिडेसी कुळात गणला जातो. जुन्या पुस्तकावर तयारी करणाऱ्या मुलाचे पाठांतर पक्के असूनही उत्तर चुकू शकते, आणि पुस्तकाची आवृत्ती कोणती हा प्रश्न म्हणूनच या क्षेत्रात खरोखर महत्त्वाचा ठरतो.

पाठांतराला लगाम घालण्याचे प्रयत्न परीक्षकांनीही केले. चार पर्यायांतून एक निवडण्याऐवजी चार स्वतंत्र विधाने द्यायची आणि प्रत्येक विधान सत्य की असत्य हे ठरवायला सांगायचे, ही पद्धत गेल्या दशकात रूढ झाली. तिच्या गुणदानात चारही बरोबर आल्यास १, तीन बरोबर आल्यास ०.६, दोन बरोबर आल्यास ०.२ आणि त्याहून कमी आल्यास शून्य मिळते. निव्वळ अंदाजाने उत्तरे देणाऱ्याच्या पदरात यातून सरासरी सुमारे ०.२९ गुण पडतात. प्रत्येक विधानाला पाव गुण दिला असता तर त्याला फुकट ०.५ मिळाले असते. अर्धवट ज्ञान इथे फारसे फळत नाही, कारण दोनवरून चार विधानांवर जाताना गुण पाचपट होतात. सोबत प्रश्नांचा पोतही बदलला. पूर्वी ‘अमुक संप्रेरक कोणती ग्रंथी स्रवते’ असे सरळ विचारले जाई. आता एखादा आलेख, उत्परिवर्तित उंदरांवरच्या प्रयोगाची सारणी किंवा वंशवृक्ष पुढे ठेवून त्यातून काय निष्कर्ष निघतो आणि काय निघत नाही, असे विचारले जाते. विद्यार्थ्याने ते संप्रेरक आधी ऐकलेले असण्याची गरज नसते, पण नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे त्याला नीट कळलेले असावे लागते.

प्रात्यक्षिकात मात्र जुना आणि नवा काळ एकाच टेबलावर मांडलेले आढळतात. एका प्रयोगशाळेत देठाचे काप घ्यायचे असतात. धारदार पात्याने, पाण्याने ओले ठेवलेल्या देठाचा इतका पातळ काप काढायचा की तो पाण्यात जवळजवळ पारदर्शक तरंगेल, मग सॅफ्रानिनचा थेंब टाकून जादा रंग धुऊन काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल दिसणाऱ्या जलवाहिन्यांची मांडणी पाहून ती वनस्पती एकदल की द्विदल हे सांगायचे. काप जाड आला तर पेशींचे थर एकमेकांवर पडून काहीच दिसत नाही, आणि पुन्हा घेण्याइतका वेळ क्वचितच उरतो. शेजारच्या प्रयोगशाळेत मायक्रोपिपेटने काही मायक्रोलीटर नमुना जेलच्या खाचेत भरून डीएनएचे पट्टे वेगळे करायचे असतात, किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर विकराच्या क्रियेचा वेग मोजायचा असतो. द्विपर्यायी सारणीच्या, म्हणजे प्रत्येक पायरीवर दोनपैकी एक लक्षण निवडत जाण्याच्या, आधारे कीटक ओळखण्याची, लामार्क यांच्या १७७८ च्या फ्रेंच वनस्पतिकोशाने लोकप्रिय केलेली रीतही अजून टिकून आहे. यांपैकी कोणतेही कौशल्य पुस्तकातून येत नाही, आणि ज्यांच्या शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा नाही त्यांची तयारी नेमकी इथेच लंगडी पडते.

ही उणीव भरून काढण्यासाठी बहुतेक देशांनी टप्प्याटप्प्याची निवड आणि शेवटी निवासी शिबिर अशी रचना स्वीकारली. आधी हजारो विद्यार्थ्यांची लेखी परीक्षा, मग निवडक शेकड्यांची दुसरी, आणि त्यातून उरलेल्या मोजक्यांना प्रयोगशाळेत प्रशिक्षण देऊन चौघांची निवड. अमेरिकेने हीच वाट धरली. भारत २००० साली तुर्कस्तानातल्या अंताल्या येथे प्रथम सहभागी झाला. त्याची शिबिरे मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेते, आणि २००८ ची एकोणिसावी ऑलिम्पियाडही त्याच शहरात झाली. अशा शिबिरांत पोहोचेपर्यंत विद्यार्थ्याने सिद्धान्त स्वतःच्या बळावर वाचलेला असावा, असे सगळीकडेच गृहीत धरले जाते, आणि जाडजूड ग्रंथाचे ओझे मुख्यतः या गृहीतकातून येते.

आंतरराष्ट्रीय फेरीत पदके उदारपणे दिली जातात. साधारण वरच्या १० टक्क्यांना सुवर्ण, पुढच्या २० टक्क्यांना रौप्य आणि त्यापुढच्या ३० टक्क्यांना कांस्य मिळते. त्यामुळे अनेक देशांत खरी चुरस राष्ट्रीय निवडीच्या टप्प्यावरच असते, आणि तयारीचा मोठा भाग चौघांत येण्यासाठी खर्ची पडतो.

कोविडच्या साथीने या परंपरेला अनपेक्षित वळण दिले. २०२० मध्ये जपानमधील नागासाकी येथे आणि २०२१ मध्ये पोर्तुगालमधील लिस्बन येथे होणाऱ्या ऑलिम्पियाड प्रत्यक्ष भरू शकल्या नाहीत. त्यांच्या जागी दूरस्थ परीक्षा झाल्या आणि प्रात्यक्षिकेही संगणकाच्या पडद्यावर आली. त्यासोबत वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांना एकत्र गटांत घालून एकेक संशोधनविषय हाताळायला देण्यात आला, आणि गुणांसाठी एकट्याने झगडण्याची सवय असलेल्या मुलांना हे काम वेगळे वाटले असणार. २०२२ मध्ये आर्मेनियातील येरेवान येथे संघ पुन्हा प्रत्यक्ष प्रयोगशाळेत उतरले; तोवर शाळा बंद असल्यामुळे अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना कापाचे पाते आणि पिपेट हाताळायला पूर्वीपेक्षा कितीतरी कमी वेळ मिळाला होता.