डायव्हर घड्याळाचे माप: 40 मिलिमीटर आला कुठून?

उद्यमबागेतल्या कारखान्यांत दिवसभर व्हर्निअर (सूक्ष्म मापाची पट्टी) हाताळणाऱ्यांना मिलिमीटर समजावून सांगावा लागत नाही. तरीही महागडे डायव्हर घड्याळ, म्हणजे पाणबुड्यांसाठी घडवलेले, घ्यायचे ठरले की बेळगावातही पहिला प्रश्न हाच: 40 मिलिमीटर व्यासाचे घेऊ की 42 चे? त्या आकड्यामागचा इतिहास माहीत असला, तर प्रश्नच वेगळा पडतो.

आपल्या सीमाभागातल्या मागच्या पिढीची सवय एचएमटीची. सिटिझनच्या सहकार्याने 1961 साली बंगळूरला तो कारखाना उभा राहिला. त्यातली चावीची ‘जनता’ जेमतेम 35 मिलिमीटरची, आणि लग्नात मिळालेली ती कुणाला लहान वाटली नाही.

मोठी घड्याळे आली ती आरमारातून. 1930 च्या दशकात इटालियन आरमारासाठी पानेराई कंपनीने रेडिओमिर हे घड्याळ केले, ते 47 मिलिमीटरचे. आत खिशातल्या घड्याळाच्या मापाचे यंत्र होते, शिवाय काळोख्या पाण्यात आकडे दिसायला हवे होते. 1953 साली फ्रेंच लष्करी पाणबुडे रोबेर मालूबिए आणि क्लोद रिफो यांच्या गरजेतून स्विस कंपनी ब्लाँपाँचे फिफ्टी फॅदम्स घडले, सुमारे 42 चे. त्याच वर्षीची रोलेक्स सबमरिनर मात्र 38 च्या आतबाहेर होती. काम एकच, मापे दोन! 1959 मध्ये सबमरिनरच्या चावीला दोन्ही बाजूंनी संरक्षक खांदे आले, केस (बाहेरचे कवच) 40 ची झाली, आणि हा आकडा 2020 पर्यंत टिकला, मग 41.

खोली वाढली की जाडीही वाढते. पाण्यात दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब चढतो, तो काचेने आणि मागच्या झाकणाने पेलायचा असतो. 2008 ची रोलेक्स डीपसी 3900 मीटरसाठी बनवली. व्यास 44, जाडी जवळजवळ 18 मिलिमीटर. शर्टाच्या बाहीखाली ती जात नाही. एवढी खोली आपल्यापैकी कुणालाच लागत नाही, तेव्हा तिच्यासाठी मनगटाला शिक्षा कशाला?

2000 नंतरचा फुगवटा मात्र निव्वळ फॅशनचा. पाण्याखालचा वेळ तोवर डाइव्ह कॉम्प्युटर हे इलेक्ट्रॉनिक उपकरण मोजू लागले होते, तरी 2007 चे फिफ्टी फॅदम्स 45 चे निघाले. मग वारे फिरले. रोलेक्सची भगिनी कंपनी ट्यूडरची ब्लॅक बे 2012 मध्ये 41 ची होती, 2018 मध्ये त्याच मालिकेतली फिफ्टी-एट 39 ची आली, 2023 मध्ये फिफ्टी-फोर 37 ची. मला हा बदल मनापासून आवडतो; जुने माप मनगटाला धरूनच ठरले होते.

म्हणून व्यासाआधी पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी बघा. फिफ्टी-एटची ती सुमारे 48 मिलिमीटर आहे. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी व्हर्निअरने घ्या. घड्याळाची टोके त्याबाहेर लोंबत असतील तर ते कितीही सुंदर असो, नको. ‘जनता’ची सवय असलेल्याने 39-40 ला बिचकू नये, कारण रुंद बेझेलमुळे (तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्यामुळे) तबकडी आत सरकते आणि घड्याळ आकड्यापेक्षा लहान दिसते. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला डायव्हिंगला जाणाऱ्यांनीही मोठी केस शोधू नये. वेटसूटवरून (पाणबुड्याच्या जाड रबरी पोशाखावरून) बांधायला लांब होणारा पट्टा लागतो, आणि चांगल्या डायव्हर घड्याळांच्या कडीत ती सोय बहुधा असतेच.