३१ जानेवारी अधिक एक महिना

३१ जानेवारी २०२६ या तारखेत एक महिना मिळवा. माणूस क्षणभर घुटमळतो आणि "२८ फेब्रुवारी, अजून काय" म्हणून मोकळा होतो. हाच प्रश्न डेटाबेसला विचारला की गंमत सुरू होते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस २८ फेब्रुवारीच देतात. एसक्यूलाइट मात्र ३ मार्च सांगतो. त्याचंही एक गणित आहे: तो नुसता महिन्याचा आकडा वाढवून ३१ फेब्रुवारी करतो आणि मग जादाचे तीन दिवस मार्चात ढकलतो. ओरॅकलमध्ये तर एकाच घरात दोन मतं. 'अ‍ॅड मंथ्स' फंक्शन २८ फेब्रुवारी देतं. तीच बेरीज 'इंटरव्हल' (म्हणजे 'एक महिना' असा कालावधी) लावून केली तर अशी तारीखच नाही म्हणून एरर येते.

'अ‍ॅड मंथ्स'ची आणखी एक खोड. त्याला २८ फेब्रुवारी २०२६ देऊन एक महिना मिळवायला सांगितलं, तर ते २८ मार्च न देता ३१ मार्च देतं. तारीख महिनाअखेरची, म्हणून उत्तरही महिनाअखेरचं! कुणाला हे शहाणपण वाटेल. मला आगाऊपणा वाटतो.

कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता करताना मी स्वतः यात आपटलो आहे. प्रत्येक हप्त्याची तारीख आधीच्या हप्त्यात एक महिना मिळवून काढली होती. मायएसक्यूएलने ३१ जानेवारीनंतर २८ फेब्रुवारी दिली, तिच्यापुढे २८ मार्च, २८ एप्रिल... फेब्रुवारीत गळालेले तीन दिवस पुन्हा परत आलेच नाहीत. मूळ तारखेतच एक, दोन, तीन महिने मिळवत गेलो, तेव्हा ३१ मार्च आणि ३० एप्रिल नीट आले. महिना हे सेकंदासारखं ठरीव माप नाही. दोनदा एक महिना मिळवणं आणि एकदाच दोन महिने मिळवणं, यांची उत्तरं वेगळी निघू शकतात.

दिवस तरी कुठे सरळ आहे? सर्व्हरवर वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. पंचांगातला दिवस सूर्योदयापासून धरतात, त्याच्या बऱ्यापैकी जवळ! पण जमाखर्च पंचांगावर चालत नाही. १ एप्रिलला पहाटे २ वाजता भरलेलं बिल यूटीसीत ३१ मार्च, रात्री ८:३० असं नोंदलं जातं. त्यावर थेट 'डेट' हे नुसती तारीख काढून देणारं फंक्शन लावलं की बिल गेल्या आर्थिक वर्षात जमा. क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात) आधी ती वेळ 'एशिया/कोलकाता' झोनमध्ये, म्हणजे भारतीय वेळेत, आणायची, मगच तारीख कापायची. क्रम उलटा झाला तर ८:३० हा आकडा आधीच गळून गेलेला असतो आणि बिल मार्चातच अडकतं.