आधुनिक बहुमजली कार्यालय-इमारत, नागपूरमधील

आरसीसी (आत लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट) खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभी असलेली, एकसारखे मजले एकावर एक रचलेली आणि घुमट, कमानी, नक्षी यांना फाटा देणारी कार्यालयाची इमारत. साधारण १९५० ते १९७५ या काळात भारतातल्या मोठ्या शहरांत हा प्रकार रुजला. नागपुरातल्या अशा इमारतींना मनोरा म्हणणे थोडे धाडसाचे आहे, कारण मुंबईच्या मानाने त्या ठेंगण्याच. पण विचार तोच आहे, आणि नागपूरच्या उन्हात त्याचा चांगलाच कस लागला.

सिव्हिल लाइन्समधील जुने सचिवालय, जनरल पोस्ट ऑफिस या इंग्रजी अमदानीतल्या इमारती जाड भिंती, उंच छत आणि खोल व्हरांडे यांच्या बळावर उन्हाळा काढत. हेन्री मेड यांनी आखलेली उच्च न्यायालयाची घुमटाकार इमारत १९४० मध्ये सुरू झाली. त्यानंतर बाराच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये लिव्हर हाउस हा २४ मजली काचेचा मनोरा उभा राहिला, आणि १९५८ मध्ये वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोह यांची ३८ मजली सीग्रम इमारत. मधल्या काळात बदलले ते भिंतीचे काम. सगळा भार सांगाड्याने उचलल्यावर भिंत नुसता पडदा उरली. ती विटेची, काचेची, जाळीची, कशाचीही करता येऊ लागली. कलकत्त्याचे न्यू सेक्रेटरिएट (१९५४, वास्तुरचनाकार हबीब रहमान) आणि मद्रासमधील आयुर्विमा महामंडळाची उंच इमारत (१९५९) ही या वळणाची भारतातली ठळक उदाहरणे. मराठी वाचकाला जवळचे नाव वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे यांचे. आचऱ्याचे कानविंदे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, पुढे हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेचे एक प्रवर्तक वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली तयार झाले आणि परतल्यावर त्यांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेसाठी इमारती आखल्या.

नागपूरला या इमारतींची गरज पडली तीही एका विचित्र वळणावर. १ नोव्हेंबर १९५६ ला शहराचे राजधानीपण गेले आणि मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळला हलला. त्याच्या दोनच महिने आधी, १ सप्टेंबरला, आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले होते. राज्याची दफ्तरे कमी होत असताना केंद्र सरकारची खाती, महामंडळे आणि बँका यांची कार्यालये वाढत गेली. १९६० नंतर उपराजधानी म्हणून महाराष्ट्राच्या कचेऱ्याही आल्या. विमा महामंडळाच्या इमारतीची ओळख शहरात इतकी पक्की झाली की तिथला चौकच एलआयसी चौक झाला. सिव्हिल लाइन्समध्ये मोकळी जागा भरपूर होती, त्यामुळे वर चढण्यापेक्षा आडवे पसरणे परवडे. लांबट, मध्यम उंचीचा, पुढे कमानीऐवजी सपाट स्लॅबची पोर्च असलेला ठोकळा हा इथला नेहमीचा आकार.

खरा प्रश्न उन्हाचा. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नवतपाच्या (कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) सुमारास, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. जुलैच्या मध्यावर पुन्हा एकदा येतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला छोटासा छज्जाही पुरतो. डिसेंबरात सूर्य दुपारी ४५ अंशांपर्यंतच चढतो आणि ते ऊन हवेसेच असते. त्रास असतो तो पश्चिमेचा. मे महिन्यात चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांच्या आसपास असतो. खिडकीवर ६० सेंमीचा छज्जा असला तरी त्याची सावली जेमतेम ४० ते ४५ सेंमी खाली उतरते आणि खिडकीचा उरलेला सगळा भाग तापतो. पाच वाजता तर छज्जा असून नसून सारखाच. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवायच्या आणि पश्चिमेच्या अरुंद बाजूला जिना, स्वच्छतागृहे, नाहीतर कोरी भिंत द्यायची, हा या आखणीतला मूळ धडा. जागेमुळे किंवा रस्त्यामुळे हे जमले नाही, तर उभ्या काँक्रीटच्या पट्ट्या, चौकटीचौकटींचा खोल पडदा किंवा सिमेंटची जाळी. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी अहमदाबादच्या गिरणी-मालक संघाच्या इमारतीत (१९५४) पश्चिमेच्या पट्ट्या तिरप्या ठेवल्या: ऊन अडते, वारा येतो. न्यूयॉर्कची काचपेटी इथे तशीच आणून ठेवली असती तर ती भट्टी झाली असती. नागपूरची अशी कुठलीही इमारत पाहायची असेल तर आधी तिच्या पश्चिमेला जावे. आखणाऱ्याने या गावाचा उन्हाळा किती मनावर घेतला होता ते तिथे कळते.

दुसरी गोष्ट कूलरची, आणि वास्तुकलेवरच्या लिखाणात ती सहसा येत नाही. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला पत्र्याचा डबा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी आणि पंप. कोरडी गरम हवा ओल्या ताटीतून ओढली की पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते आणि आत गारवा येतो. पण कूलर सतत बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून तेवढीच हवा समोरून बाहेर जायला वाट लागते. ती नसेल तर खोली दमट होते आणि फायली ओलसर. एअर कंडिशनरला नेमके उलटे हवे: बंद दारे, फटी नसलेल्या खिडक्या. उघडता येणाऱ्या खिडक्या, दारांवरची झडप, समोरासमोरची तावदाने, एका बाजूचा लांब व्हरांडा, हे सगळे कूलरच्या कामाला चपखल बसते, मग आखणाऱ्याने त्याचा विचार केलेला असो वा नसो. जुलैत हवेतच दमटपणा आला की कूलर निरुपयोगी होतो आणि छताच्या पंख्यांवर भागवावे लागते.

आतली मांडणी थोडक्यात सांगता येते: जिना आणि लिफ्ट एका गाभ्यात, मधे किंवा कडेला व्हरांडा, मोझेकची फरशी, पायऱ्यांना घासून गुळगुळीत झालेला कठडा. या कठड्यांची घडण पाहण्यासारखी असते. दगडी इमारतीत कारागिराचा हात नक्षीत दिसे, इथे तो मोझेकच्या गोलाईत आणि पट्ट्यांच्या सरळ धारेत दिसतो. काँक्रीट ओतण्यापूर्वीचे सेंटरिंग, म्हणजे फळ्यांचा साचा, करणारा सुतार या वास्तुकलेचा अर्धा शिल्पकार म्हणावा लागेल.

पायाचे कामही कमी अवघड नाही. शहराच्या बऱ्याच भागात वर काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर भार टाकला तर भिंती तडकतात, म्हणून पाया खाली मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. सपाट गच्ची ही या शैलीची खूण, पण विदर्भाच्या पावसात तीच तिची दुखरी जागा. विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून उतार दिलेला असतो; तो फुटला की स्लॅबमधून गळती, मग आतल्या सळ्यांना गंज, मग फुगलेल्या गंजाने सुटलेले काँक्रीटचे पापुद्रे. पातळ उभ्या पट्ट्या आणि छज्ज्यांच्या कडा सर्वांत आधी जातात, कारण तिथे सळईवर काँक्रीटचा थर कमी असतो.

आजची मोठी हानी मात्र पावसाने होत नाही. एअर कंडिशनर बसवताना पट्ट्या कापल्या जातात, व्हरांडे ॲल्युमिनियमच्या चौकटींनी बंद होतात, आणि नूतनीकरण म्हणून दर्शनी भागावर चकचकीत पत्रे किंवा निळी काच येते. व्हरांडा बंद झाला की मागच्या खोल्यांचा आरपार वारा थांबतो. मग तिथेही एअर कंडिशनर लागतो आणि विजेचे बिल चढते. भोसलेकालीन आणि इंग्रजी इमारतींना वारसा मानायला नागपूर शिकले आहे. १९६० च्या आगेमागे बांधलेल्या कचेऱ्या अजून जुन्या बिल्डिंगा म्हणूनच ओळखल्या जातात, आणि त्यांतल्या कितीतरी पट्ट्यांवर दर मार्चअखेर, ताट्या बदलायला माणूस शिडी लावतो तेव्हा, कूलरच्या स्टँडसाठी नवे भोक पाडले जाते.