शिबिरातला मदतनीस दादा आणि शिबिर घेणारा दादा, फरक काय?

मे महिन्यात दापोलीपासून मालवणपर्यंत कुठेही जा, शिबिर सापडतंच. शाळेच्या हॉलमध्ये, कुणाच्या तरी वाडीत नाहीतर थेट किनाऱ्यावर. गावातली पोरं असतात आणि मुंबईहून आजीकडे आलेली चाकरमान्यांची पण. आणि सगळीकडे दोन प्रकारचे दादा-ताई, टीशर्ट सेम, गळ्यातली शिट्टी सेम. एक शिबिर घेणारे, आणि दुसरी मार्चमध्ये दहावीचा पेपर टाकून मोकळी झालेली, घरी बसून मोबाईल बघण्यापेक्षा मदतीला आलेली पोरं. पालकांचा गोंधळ होतो ते समजू शकतो, पण आयोजकांचाच होतो तेव्हा जरा कठीण.

मदतनीस काय करतो तर हजेरी घेतो, बाटल्या भरतो, कोकम सरबत वाटतो, लगोरीत कच्च्या लिंबूंना सांभाळून घेतो आणि आईची आठवण येऊन रडणाऱ्या पोराशेजारी बसतो. हे शेवटचं काम तर त्यांनीच करावं, कारण सात वर्षांचं पोर सोळा वर्षांच्या ताईचं जेवढं ऐकतं तेवढं पन्नाशीच्या सरांचं ऐकत नाही.

शिबिर घेणाऱ्याचं काम म्हणजे ठरवणं. ताप आला तर गोळी द्यायची की घरी फोन, न्यायला काका आलेत तर त्यांच्याबरोबर सोडायचं का, आज पाण्यात उतरायचं का.

आता खरी गंमत पाण्याचीच आहे. पुण्याहून आलेल्या सरांना समुद्र कळत नसतो आणि मदतीला आलेला कोळीवाड्यातला पोरगा त्यात वाढलेला असतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तो तोंडी सांगतो, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि ती रोज पाऊण तासाने पुढे जाते त्यामुळे कालची पोहायची वेळ आज चालत नाही हेही त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग सर म्हणतात, तुला माहितीये ना सगळं, तूच घेऊन जा पोरांना. इथेच चुकतं. त्याला विचारा, जरूर विचारा, तो "नको" म्हणाला तर अजिबात उतरू नका, पण तो "चला" म्हणाला म्हणून मोठ्यांनी झाडाखाली बसायचं नाही. ओहोटीच्या ओढीत वीस पोरांची जबाबदारी दहावीतल्या मुलावर टाकणं हा त्याच्यावरही अन्यायच आहे ना.

कायद्याचं थोडक्यात. 14 ते 18 वयाच्या मुलांना कामावर ठेवायचं तर 1986 च्या बाल व किशोर कामगार कायद्यात (2016 ला दुरुस्ती झाली) तासांची मर्यादा आहे. सलग तीन तासांच्या वर काम नाही, मग निदान तासभर विश्रांती, ती धरून दिवसाला सहा तास, आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाहीच. व्हॉलंटियरला पगार नसतो हे खरं, पण मग फुकट आलेल्या पोराला पगारी पोरापेक्षा जास्त राबवायचं, हे कुठलं लॉजिक?

आणि 2012 च्या पॉक्सो कायद्यात (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) 18 च्या आतलं कुणीही मूलच. म्हणजे मुक्कामाच्या शिबिरात एका खोलीत दहा लहान मुली आणि सोबत फक्त सोळा वर्षांची ताई असेल तर तिथे अकरा मुलं आहेत, मोठं माणूस एकही नाही. फी भरण्याआधी एवढं विचाराच, रात्री खोलीत मोठं कोण असतं आणि पाण्याजवळ कोण.