बायोसला डिस्क दिसत नाही की फक्त विंडोज सेटअपला? आधी हे तपासा, मग एसएसडी विकत घ्या

विंडोज टाकायला बसलात, पेनड्राइव्ह बूट झाला, भाषा निवडली, पुढे पुढे करत आलात आणि विंडोज कुठे टाकायचं ते विचारणाऱ्या पानावर यादीच रिकामी. डिस्क नाही, पार्टिशन नाही, नुसता मेसेज की ड्राइव्ह सापडला नाही, ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) लोड करा. बहुतेकांना वाटतं डिस्क उडाली, आणि दुकानात नेलं तर बऱ्याचदा तिथेही न बघताच सांगतात की नवीन एसएसडी टाका. मला याचा खरंच राग येतो, कारण रिकामी यादी तीच असली तरी तिच्यामागे दोन पूर्ण वेगळे प्रॉब्लेम असू शकतात. एकात डिस्क मशीनलाच दिसत नसते. दुसऱ्यात मशीनला नीट दिसत असते, फक्त विंडोजच्या सेटअपला दिसत नसते, आणि या दुसऱ्यात एक रुपयाही खर्च करायची गरज नसते.

फरक कळतो तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. मशीन चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबत राहायचं, एचपीवर एफ१०. आत गेलं की मेन किंवा स्टोरेजच्या पानावर डिस्कचं मॉडेल आणि साइज दिसते का ते बघायचं. इथे लोक एक गडबड करतात ती म्हणजे बूट ऑर्डरची यादी बघून ठरवतात. नव्या मशीनवर त्या यादीत ज्यावर बूट होण्यासारखं काही आहे तेच येतं, त्यामुळे कोरी एसएसडी तिथे नसली तर त्यात काही बिघडलेलं नाही. अजून एक, काही बायोसमध्ये एनव्हीएमईच्या (नव्या, वेगवान प्रकारच्या एसएसडीच्या) पानावर काहीच दिसत नाही पण इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी नावाच्या वेगळ्या पानावर नॉन-रेड डिस्क म्हणून तीच एसएसडी बसलेली असते. ते पान उघडल्याशिवाय डिस्क दिसत नाही असं म्हणू नका.

बायोसला दिसते, सेटअपला दिसत नाही

गेल्या काही वर्षांतल्या इंटेल लॅपटॉपवर सगळ्यात जास्त हेच होतं. ११व्या जनरेशनपासून, म्हणजे साधारण २०२० नंतरच्या मशीनमध्ये व्हीएमडी नावाचा प्रकार, म्हणजे एसएसडी सांभाळणारा इंटेलचा मधला कंट्रोलर, बऱ्याचदा कंपनीकडूनच चालू करून येतो. प्रोसेसरचं नाव आय५ ११३५जी७ असं असेल तर सुरुवातीचे ११ म्हणजे ११वी जनरेशन. हा व्हीएमडी चालू असला की एसएसडी त्याच्या मागे जाते, विंडोजचा स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर जिथे शोधतो तिथे त्याला एसएसडी न मिळता व्हीएमडी कंट्रोलर मिळतो आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपच्या पेनड्राइव्हमध्ये बहुधा नसतो. मग कालपर्यंत याच लॅपटॉपवर विंडोज कसं चालत होतं? कारण कंपनीने टाकून दिलेल्या विंडोजमध्ये तो ड्रायव्हर आधीच घातलेला होता. शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांडची विंडो उघडली आणि डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क हाताळायच्या टूलमध्ये लिस्ट डिस्क मारलं तरी तिथे फक्त पेनड्राइव्ह दिसतो, कारण ड्रायव्हर नाही तर डिस्कपार्टला तरी कुठून दिसणार, तेव्हा त्यावरून डिस्क मेली असं ठरवू नका.

यावर दोन उपाय आहेत आणि कुठला करायचा हे जुनं विंडोज आणि डेटा ठेवायचाय का यावर ठरतं.

सगळं पुसून नवीन टाकायचंय आणि एकच एसएसडी आहे, तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. माझ्या मते अशा लॅपटॉपवर तो चालू ठेवून काही खास फायदा नाही. एसूसमध्ये एफ७ दाबून ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जायचं, तिथे व्हीएमडी सेटअपचा मेनू असतो. डेलमध्ये स्टोरेजखाली रेड ऑनच्या जागी एएचसीआय किंवा एनव्हीएमई करायचं. एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हा ऑप्शन लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबलं की दिसायला लागतो, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक तासन्‌तास शोधत बसतात.

पण त्या डिस्कवर चालू विंडोज आहे आणि ते ठेवायचंय तर या सेटिंगला हात लावू नका. असं मध्येच बदललं तर जुनं विंडोज निळ्या स्क्रीनवर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून अडकू शकतं, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, जी बऱ्याच जणांना आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह आहे हेच माहीत नसतं. इथे ड्रायव्हर लोड करणंच बरं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यायचा. तो बहुतेक वेळा एक्झे फाइल म्हणून येतो आणि ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, ती एक्स्ट्रॅक्ट करून आतलं फोल्डर टाकायचं ज्यात आयएनएफ फाइल दिसते. मग सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर, ब्राउझ, ते फोल्डर, यादीतून व्हीएमडी लिहिलेला ड्रायव्हर निवडा, आणि डिस्क यादीत येते. नाही आली तर जनरेशन चुकली असेल, आपल्या मॉडेलच्या पानावरचाच ड्रायव्हर घेतलाय का ते परत बघा.

बायोसलाच दिसत नाही

इथे ड्रायव्हर लोड करत बसण्यात काही अर्थ नाही, दहा ड्रायव्हर टाका, बायोसला जे दिसत नाही ते सेटअपलाही सहसा दिसत नाही. साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्क असेल तर डेटा केबल बदला, पोर्ट बदला, पॉवरची पिन नीट बसलीय का बघा, हार्ड डिस्क असेल तर हात लावून फिरतेय का ते कळतं. एम.२, म्हणजे थेट बोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारी पट्टीसारखी एसएसडी असेल तर काढून परत नीट बसवा आणि स्क्रू लावा.

पण एम.२ मध्ये एक गोष्ट फार जणांना फसवते. एम.२ हा फक्त आकार आहे, त्या आकारात साटा एसएसडीपण येते आणि एनव्हीएमईपण, आणि स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर साटावाली त्यात आरामात बसते पण दिसत मात्र नाही. खाचांवरून अंदाज येतो, दोन खाचा म्हणजे बहुधा साटा, एक खाच म्हणजे बहुधा एनव्हीएमई, तरी दोन खाचांच्या काही एनव्हीएमईपण असतात म्हणून लेबल वाचा. डेस्कटॉपवर अजून एक, बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ स्लॉट भरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात, म्हणजे नवीन एसएसडी टाकली आणि जुनी हार्ड डिस्क गायब. कुठले पोर्ट ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्या हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लावली की झालं.

शंका राहिलीच तर अलीकडच्या उबुंटूचा (विंडोजसारखीच पण लिनक्सवर चालणारी सिस्टिम) पेनड्राइव्ह करून इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवा. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, व्हीएमडीचा ड्रायव्हर असतो, त्यामुळे व्हीएमडी चालू असतानाही तिथे एसएसडी दिसू शकते, आणि दिसली की ती जिवंत आहे हे पक्कं झालं.

यांच्यासारखेच वाटणारे अजून दोन मेसेज आहेत. मीडिया ड्रायव्हर मिसिंग हा बहुतेक वेळा हार्ड डिस्कबद्दल नसतोच, तो पेनड्राइव्हबद्दल असतो, पोर्ट बदला किंवा पेनड्राइव्ह नव्याने बनवा. आणि जीपीटी पार्टिशन स्टाइल आहे म्हणून इथे विंडोज टाकता येत नाही असं आलं तर डिस्क दिसतेच आहे, फक्त पेनड्राइव्ह लेगसी म्हणजे जुन्या मोडमध्ये बूट झालाय, तो यूईएफआय या नव्या मोडमधून बूट करा. यासाठी डिस्कपार्टमध्ये क्लीन मारायचे सल्ले देतात लोक, पण त्याने डिस्कवरची सगळी पार्टिशन जातात, त्यामुळे डेटा हवा असेल तर अजिबात मारू नका.

राहिली ती डिस्क जी बायोसला कधी दिसते, कधी रिस्टार्टनंतर गायब होते. ती सेटिंगची किंवा ड्रायव्हरची भानगड क्वचितच असते. केबल किंवा स्लॉट बदलूनही तसंच होत असेल तर तिच्यावर विंडोज टाकायच्या भानगडीत पडू नका, दिसतेय तोवर दुसऱ्या मशीनला लावून आधी फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या, मग वॉरंटीचं बिल शोधा.