श्रीलंकेच्या विहारांत वावरताना : आमच्या प्रवाशांसाठी

चपला बाहेर काढणे, उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालणे हे आपल्या अंगवळणी पडलेलेच आहे. बौद्ध कुटुंबांतून आलेल्या प्रवाशांना तिथले पाली त्रिशरण-पंचशीलही ओळखीचे वाटेल. चूक होते ती बहुतेक वेळा फोटो काढताना.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फीत पाठ मूर्तीकडेच होते, म्हणून मूर्तीसोबत सेल्फी नकोच. पोलोन्नारुवाच्या गल विहारात १४ मीटर लांबीची पहुडलेली मूर्ती पाहिली की सगळा ग्रुप तिच्यापुढे ओळीने उभा राहू पाहतो. पहारेकरी तिथेच अडवतात. मूर्तीचा फोटो वेगळा काढा. स्वतःचा हवाच असेल तर कडेला, मूर्तीकडे तोंड करून हात जोडून उभे राहा. मूर्तीला हात लावणे, चौथऱ्यावर चढणे, तिच्यासारखी मुद्रा करणे हा तिथल्या लोकांच्या लेखी अपमान आहे. २०१२ साली मूर्तीचे चुंबन घेतानाचे फोटो काढलेल्या तीन फ्रेंच पर्यटकांना गॉलच्या न्यायालयाने निलंबित कारावासाची शिक्षा सुनावली. पोलिसांना कळवले होते फोटो धुऊन देणाऱ्या दुकानदाराने.

अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर विमानात बसण्यापूर्वीच पूर्ण बाहीने झाका. अशा टॅटूमुळे २०१४ मध्ये एका ब्रिटिश महिलेला देशाबाहेर काढले होते. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, पण कोठडी घडायची ती घडलीच होती. बुद्धाचे चित्र छापलेले कपडेही बॅगेत घेऊ नका.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी उत्तम, पण ब्लाउज बाह्यांचा घाला. स्लीव्हलेस ब्लाउजवर पातळ ओढणी टाकून दर वेळी भागत नाही. रंग शक्यतो पांढरा किंवा फिका. ज्येष्ठ मंडळींनी एक लक्षात ठेवावे : आपल्याकडे देवळात टोपी डोक्यावर ठेवणे हा मान, तिथे ती काढणे हा मान. उन्हासाठी डोक्यावर घेतलेली ओढणीही आवारात शिरताना खाली घ्यावी. अनुराधपूरला दुपारी फरशी आणि वाळू इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही. जाड सुती मोजे चालतात, ते जवळ ठेवा.

वाहायला कमळ, निळे कुमुद किंवा चाफा घ्या, पण हुंगू नका. हुंगलेले फूल आपणही देवाला वाहत नाही, तसेच ते. मात्र बुद्धापुढे ठेवलेले अन्न प्रसाद समजून उचलू नका.

कँडीच्या दंतमंदिरात, जिथे बुद्धाचा दात जपून ठेवला आहे, पूजा साधारण पहाटे ५.३०, सकाळी ९.३० आणि संध्याकाळी ६.३० ला असते. पाऊण तास आधी रांगेत लागा. दर्शन दात ठेवलेल्या करंडकाचे होते, दाताचे नाही, आणि दारासमोर जेमतेम काही क्षण मिळतात. तिथे थांबून मोबाइल काढला की मागची रांग खोळंबते.

भिक्षूंशी हस्तांदोलन करू नये. महिलांनी त्यांना स्पर्श होणार नाही इतके अंतर ठेवावे. बसमध्ये पुढची सीट भिक्षूंसाठी राखीव असते, ती रिकामी दिसली तरी बसू नका.

दर पौर्णिमेला 'पोया'ची सुटी असते. त्या दिवशी दारूविक्री बंद, हॉटेलातही बहुधा मिळत नाही. मांसाची दुकानेही बंद असतात. मे महिन्यातल्या वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, रस्ते दिव्यांनी आणि माणसांनी भरून जातात, तेव्हा नेहमीच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवूनच निघा.